जागलीवर अन् ओलिताच्या रात्री वाचायला हलक्या रहस्यकथा: वाचनालयासाठी कोणत्या घ्याव्या?

रानवाट_यवतमाळ

नमस्कार जी. गावच्या 'ड' वर्गाच्या (सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात लहान) वाचनालयासाठी यंदा पंचवीस-तीस पुस्तकं घ्यायची आहेत, त्यांची यादी करून राहिलो. वाचणारे कोण ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर नेमकं मिळेल.

पहिले, हरभऱ्याच्या जागलीवर, म्हणजे डुकरांपासून पिकाची रात्रीची राखण करायला जाणारे अन् रात्रीच्या लाइनीवर ओलित करणारे कास्तकार. स्प्रिंकलरचे पाइप एकदा बदलले की पुढचे दोन-तीन तास रिकामे असतात, पण झोपता येत नाही. दुसऱ्या, दुपारी येणाऱ्या अंगणवाडीच्या अन् बचत गटाच्या ताया. त्यांना रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा पानं वाचायची असतात. तिसरे, रविवारी सांजच्याला पारावर बसणारी म्हातारी मंडळी. त्यांना कोणीतरी वाचून दाखवतं.

सगळ्यांची मागणी एकच: रहस्य पाहिजे, पण रक्त-मांस नको. वाचून जीव हलका व्हावा. कोणती पुस्तकं घ्यावी? रहस्याशिवाय मनाला विसावा देणारी दुसरी कोणती? शिवाय दोन पेट्या भरून जुनी पॉकेटबुकं देणगीत आली आहेत, त्यांचं काय करावं?

पळसफूल

रानवाट भाऊ, तुम्ही वाचणारे तीन वेगळे सांगितले ते फार बरं केलं. जागलीवरच्या माणसाला जागं राहायचं आहे अन् ताईला झोपायचं आहे. दोघांना एकच पुस्तक चालत नाही. यादी लेखकाप्रमाणे करण्यापेक्षा वेळेप्रमाणे करा.

जागं ठेवणारं लिखाण म्हणजे बाबूराव अर्नाळकर (1906–1996). हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक. वाक्यं आखूड, प्रकरणं आखूड, अन् प्रत्येक प्रकरण अशा जागी तुटतं की पुढचं उघडल्याशिवाय राहवत नाही. मारामारी आहे, पिस्तूल आहे, पण जखमांचं रसभरित वर्णन नाही. झोपण्याआधी मात्र हे देऊ नका. दहा पानांवर थांबताच येत नाही, कारण ते थांबू नये म्हणूनच लिहिलेलं आहे.

झोपेआधीची रहस्यकथा वेगळ्या घडणीची असते. गाव लहान, माणसं ठरलेली, गुन्हा बहुतेक पडद्याआड झालेला, तपास करणारा पोलीस नसून कोणी साधा माणूस, अन् शेवटी विस्कटलेली घडी पुन्हा बसते. इंग्रजीत हा प्रकार रुजवणाऱ्यांत आगाथा ख्रिस्तीचं नाव मोठं. तिची मिस मार्पल ही खेड्यात राहणारी, विणकाम करणारी म्हातारी. तिची पद्धत आपल्या गावातल्या कोणत्याही आजीला ओळखीची वाटेल. समोरच्या माणसाचं वागणं पाहून ती म्हणते की हा आमच्या गावातल्या अमक्यासारखा वागतो, अन् तिथून धागा काढते. तिच्या 12 कादंबऱ्या आहेत, पहिली 1930 ची. पण सुरुवात कादंबरीनं करू नका. 1932 साली आलेला 13 गोष्टींचा संग्रह आहे, त्यानं करा. त्यात संध्याकाळी काही मंडळी जमतात, एकेक जण आपल्याला ठाऊक असलेलं कोडं सांगतो अन् बाकीचे उत्तर ओळखतात. एका बसण्यात एक गोष्ट होते.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, यादी करताना ती नक्की लक्षात घ्या. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती दवाखान्याच्या औषधविभागात काम करत होती. विषांची माहिती तिला तिथून मिळाली. म्हणून तिच्या गोष्टींत सुरी-पिस्तुलापेक्षा विष जास्त येतं, अन् रक्त नसल्यामुळे जगभर त्या 'हलक्या' समजल्या जातात. आपल्याकडे विष हलकं नाही. कीटकनाशकाच्या डब्यानं किती घरं उजाड केली ते विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधेनं माणसं गेली. अशा घरात चहातून विष दिल्याची गोष्ट विसावा म्हणून देता येत नाही, मग ती कितीही चतुर असो. म्हणून ख्रिस्तीचं प्रत्येक पुस्तक घेण्याआधी कोणीतरी वाचून पाहा अन् विषाच्या गोष्टी वेगळ्या कप्प्यात ठेवा. मागितलं तर द्या, आपण होऊन सुचवू नका.

मग निर्धास्त काय द्यावं? सत्यजित राय यांचा फेलूदा हा गुप्तहेर. तो पहिल्यांदा 1965 मध्ये 'संदेश' या मुलांच्या बंगाली मासिकात आला. पोरांसाठी लिहिल्यामुळे त्यात घाण काही नाही. चोरलेली मूर्ती, हरवलेली अंगठी, जुना कागद, असे विषय बहुतेक. खून काही गोष्टींत आहे, पण तो अंगावर येत नाही. फेलूदाजवळ रिव्हॉल्व्हर असतं, तरी त्याचा भरवसा 'मगजास्त्रा'वर, म्हणजे डोक्यावर. मराठीत अशोक जैन यांचा अनुवाद रोहन प्रकाशनानं काढला आहे, भाषा सोपी अन् वाहती.

क्रम मात्र पाळा. आधी लखनौची अंगठीची गोष्ट, मग जैसलमेरच्या सोन्याच्या किल्ल्याची, अन् त्यानंतर वेरूळची. जटायू नावाचा लेखक-सोबती जैसलमेरच्या गोष्टीत पहिल्यांदा भेटतो. वेरूळची आधी वाचली तर हा माणूस कोण अन् एवढा जवळचा कसा, ते कळत नाही. अन् वेरूळ पाहिलेल्या माणसाला कैलास लेण्यातला पाठलाग डोळ्यांपुढे दिसतो, म्हणून ती गोष्ट हमखास चालते.

कास्तकार_बुलडाणा

पळसफूलताईनं बरोबर सांगतलं. मी शेरलॉक होम्सचं सांगतो.

होम्सच्या 56 लघुकथा हायेत अन् 4 कादंबऱ्या. जागलीसाठी लघुकथाच घ्या. एक गोष्ट वीस-तीस पानाची, म्हंजे पाइप बदलून आल्यावर एक आरामात होते अन् मधात डुकराच्या मागं पळा लागलं तरी धागा हरपत नाई. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, तो जुन्या वाचनालयात भेटते.

लोकायले वाटते का होम्स म्हंजे खूनच खून. तसं नाई. लाल केसाच्या माणसाची गोष्ट पाहा. लाल केस हायेत म्हणून एका दुकानदाराले आठवड्याले चार पौंड पगार, अन् काम काय, तं ज्ञानकोश हातानं उतरून काढाचा! काऊन, ते शेवटी समजते. खून नाई. निळ्या हिऱ्याची अन् बदकाची गोष्ट घ्या. नाताळाचे दिवस, थंडी, अन् चोरीचा माल सापडते पक्ष्याच्या पोटात. तिच्यातही खून नाई. हरवलेल्या शर्यतीच्या घोड्याची गोष्ट हाये, तिच्यात एक माणूस मरते, पण उलगड्याचा मोठा दुवा कुत्र्याच्या वागण्यातून भेटते. ज्याच्या मळ्यावर कुत्रं हाये त्याले तो दुवा शहरातल्या वाचकाच्या आधी सापडन.

एका नावाजलेल्या गोष्टीत मात्र पोट्टे तुमाले प्रश्न इचारतीन. तिच्यात साप दूध पेते अन् शिट्टी आयकून परत येते. नाव सांगत नाई, रहस्य फुटन. लेखक इलायतेतला, त्यानं आयकीव गोष्टीवरून लिहिलं. साप दूधही पेत नाई अन् शिट्टीवरही येत नाई. वाचून झाल्यावर पोट्ट्यायले सांगा, आधी नका सांगू.

अन् जागलीचं एक. कपाळावरची बॅटरी पांढरी असन तं पानावर पाखरं बसतात. पिवळ्या उजेडाची घ्या, पाखरं कमी येतात. उजेड मंद ठेवा. डोळे पानाच्या उजेडाले सवकले का अंधारातलं काईच दिसत नाई, म्हणून एक प्रकरण झालं का बॅटरी बंद करा, पाच मिनिटं अंधारात बसा, कान द्या. गोष्ट कितीबी रंगली तरी हे करा, नाई तं हरभरा डुकराचा.

वर्धेकाठ

रहस्याशिवायच्या विसाव्याच्या पुस्तकांबद्दल लिहितो.

मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' पहिल्या यादीत घ्या. वनखात्यात नोकरी करून लिहिणारा हा माणूस नवेगावबांधच्या जंगलात वर्षानुवर्षं राहिला. झाडं, पाखरं, कोहळी अन् गोंड माणसं, सगळं आपल्याच भागातलं. लेख सुटे आहेत. कुठूनही उघडा, सहा-आठ पानं वाचा, मिटा. झोपेआधी याच्यासारखं पुस्तक नाही, कारण यात काहीही 'पुढे काय' म्हणून ताटकळत ठेवत नाही.

गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' नर्मदा परिक्रमेवर आहे. दांडेकर जन्मानं परतवाड्याचे, 1916 चे, हे कित्येकांना माहीत नसतं. वारी-परिक्रमा केलेली म्हातारी मंडळी हे पुस्तक सोडत नाहीत. हसायला चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ. भाषा शंभर वर्षांच्या आसपास जुनी, तरी घरातले घोळ तेच आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ताई मंडळींसाठी. दुःख आहे त्यात, पण सांगणारी स्वतःवर हसत सांगते, म्हणून मनावर ओझं राहत नाही.

विसाव्याच्या कप्प्यात 'बनगरवाडी' ठेवायचा मोह बऱ्याच ग्रंथपालांना होतो, कारण खेडं, धनगर, साधी माणसं. पुस्तक थोर आहे, पण शेवट दुष्काळाचा आहे, गाव उठून जातं. उद्धव शेळक्यांची 'धग' तर आपल्याच मातीतली, 1960 ची, अन् मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांपैकी. वाचनालयात दोन्ही पाहिजेतच. फक्त 'थकलो, काही हलकं द्या' म्हणणाऱ्याच्या हातात ती देऊ नका. पावसानं दगा दिलेल्या वर्षी तर नाहीच. पुस्तक हलकं की जड हे पहिल्या पन्नास पानांवरून ठरत नाही, शेवटच्या दहा पानांवरून ठरतं. यादी करणाऱ्यानं शेवट आधी वाचावा. स्वतःसाठी वाचताना हे पाप आहे, पण गावासाठी निवडताना ते कामच आहे.

रानवाट_यवतमाळ

फार उपयोगी माहिती, धन्यवाद जी. ताई, विषाचं तुम्ही बोललात ते आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या पुस्तकांसाठी वेगळा कप्पा करतो.

दोन शंका. काही जण म्हणतात पुस्तकं कशाला, फोनवर फुकट पीडीएफ फिरतात, तीच वाटा. ते चालतं का? अन् अनुवादित कादंबरीत नावं इतकी येतात की लोक अर्ध्यात सोडून देतात. त्यावर काय करावं?

पळसफूल

नावांचं आधी. ख्रिस्तीच्या कादंबरीत संशयितच आठ-दहा असतात, अन् प्रत्येकाला कधी नावानं, कधी आडनावानं, कधी हुद्द्यानं हाक मारतात. रोज दहा पानं वाचणाऱ्याला चौथ्या दिवशी काहीच आठवत नाही. उपाय सोपा आहे. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, त्यावर पात्राचं नाव अन् पुढे तीन-चार शब्द: 'कर्नल, घरमालक', 'नर्स, रात्री घरात होती'. तेच खूण म्हणून पुस्तकात ठेवायचं. पहिल्या पन्नास पानांत आलेल्या माणसांपुरतंच लिहा, अन् त्यात आपला संशय लिहू नका. एका प्रतीसाठी एकदा कार्ड केलं की पुढच्या सगळ्यांचं भागतं. अन् कादंबऱ्या कामाच्या हंगामात देऊच नका. कापूस वेचणी, तूर सवंगणी चालू असताना लघुकथा. कादंबऱ्या उन्हाळ्यात, मशागत सोडली तर दुपार रिकामी असते तेव्हा.

वर्धेकाठ

पीडीएफचं सांगतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं हक्क राहतात, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. होम्सचा लेखक 1930 मध्ये गेला, त्याचं मूळ इंग्रजी केव्हाच मोकळं झालं. लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या, तेही मोकळं. चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले, म्हणजे 2024 पासून मोकळे. अर्नाळकर 1996 मध्ये गेले, त्यांचे हक्क 2056 पर्यंत आहेत. ख्रिस्तीचे 2036 पर्यंत. अन् अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा मोजतात. मूळ मोकळं असलं तरी मराठी होम्स मोकळा असेलच असं नाही. तेव्हा फोनवर फिरणारी अर्नाळकरांची पीडीएफ वाचनालयानं वाटणं बरोबर नाही. मोफतच पाहिजे असेल तर ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं रीतसर मोफत देतं. वाचनालयाच्या वायफायवर उतरवून घ्या, शेतात नेटवर्कचा भरवसा नसतो.

कमी पैशात नवीन रहस्यकथा पाहिजे असतील तर दिवाळी अंक धरा. 'धनंजय' अन् 'नवल' रहस्य, गूढ, अद्भुत कथांसाठीच ओळखले जातात. दिवाळी उलटून दोन-तीन महिने झाले की जुने अंक कमी किमतीत मिळतात. भयकथा अन् गूढकथा त्यात एकत्र असतात. अनुक्रमणिकेत झोपेआधी न वाचायच्या कथांपुढे पेन्सिलीनं फुली करा.

ग्रंथपाल_ताई

देणगीतल्या पेट्यांबद्दल. दाखल नोंदवहीत चढवण्याआधी प्रत्येक प्रत तपासा. रहस्यकथेची शेवटची चार पानं नसली तर ती प्रत वाचकावर अन्याय आहे.

जुनी पॉकेटबुकं बहुतेक 16 पानी फर्म्यात (एका मोठ्या कागदाच्या घडीतून होणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात) छापलेली असतात. 128 पानांचं पुस्तक म्हणजे 8 फर्मे. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा बहुतेक वेळा असतो, म्हणजे पान 1, 17, 33, 49, 65, 81, 97, 113 अशा जागी. तेवढीच आठ पानं उघडून पाहिली की मधला फर्मा गळाला का, किंवा एकच फर्मा दोनदा शिवला गेला का, ते मिनिटभरात कळतं. मग शेवटचं पान पाहा. अपुरी प्रत फेकू नका. त्याच पुस्तकाची दुसरी फाटकी प्रत आली तर दोन्हींची मिळून एक होते.

दुसरी तपासणी पेन्सिलीची. कोणी तरी पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहून ठेवलेलं असतं. पेन्सिल खोडरबरानं जाते. पेन असेल तर खोडायला जाऊ नका, जुना कागद भोकशेल. पांढऱ्या कागदाची चिठ्ठी वरून चिकटवा.

डकवायला चिकटपट्टी वापरू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती पिवळी पडते, सुकते, अन् निघताना अक्षरं घेऊन निघते. मैद्याची खळ करा. 100 ग्रॅम मैदा अर्धा लिटर थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मंद आचेवर सारखा ढवळत राहायचा. पारदर्शक दिसायला लागला की उतरवायचा. कोमट असताना चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून घालायचं. संत्र्याच्या बागेवाल्याकडे बोर्डोसाठी (झाडाच्या बुरशीवरच्या औषधासाठी) आणलेलं असतंच. त्यानं खळीला कीड लागत नाही. मोरचूद विषारी आहे, म्हणून भांडं स्वयंपाकातलं नको, अन् ती खळ बोटाला लागलेली असताना बोट तोंडाला लावून पान उलटू नका. उरलेली खळ पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

तारेनं टाचलेली पुस्तकं असतील तर तार काढून टाका. पावसाळ्यात गंजते अन् मधली पानं तिथंच कुजतात. त्याच भोकांतून जाड सुती दोऱ्यानं शिवा, तीन भोकं पुरतात.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, अन् खाली विटा. वाळवी, म्हणजे उधई, भिंतीतून अन् जमिनीतून येते. कसर मात्र बंद, दमट कपाटात होते, म्हणून पावसाळ्यात कोरड्या दिवशी दारं तासभर उघडी ठेवा. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, पातळ कापडात बांधून. ओला पाला ठेवला की बुरशी येते, अन् लोक म्हणतात पाल्याचा उपयोग नाही. पुस्तकं मे महिन्याच्या उन्हात घालू नका. अर्नाळकरांच्या काळातला स्वस्त कागद आधीच ठिसूळ झालेला असतो, उन्हानं कोपरे तुटून हातात येतात. सावलीत, वाऱ्याला उभी करून ठेवा.

पारावरचा_वाचक

रविवारच्या वाचनाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

मोठ्यानं वाचताना एका मिनिटात शंभर-सव्वाशे शब्द होतात. अडीचशे शब्दांचं पान धरलं तर दोन-अडीच मिनिटं. म्हणजे वीस पानांची गोष्ट पाऊण तासाची. त्यापेक्षा लांब गोष्ट घेऊ नका, म्हातारी मंडळी पेंगतात अन् उठून जायला संकोचतात.

परकी नावं पहिल्यांदा आली की दोनदा वाचा, अन् पुढे नातं किंवा धंदा जोडून वाचा. 'विल्सन' ऐवजी 'तो दुकानदार विल्सन'. लेखकाच्या मजकुरात एवढी भर चालते. सगळी नावं मराठी करून टाकू नका. थोड्या वेळानं तुम्हीच मूळ नाव वाचता अन् ऐकणाऱ्याला नवा माणूस आल्यासारखं वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं, कुठं थांबायचं. चांगल्या कोड्यात अशी एक जागा असते जिथं सगळे दुवे सांगून झालेले असतात अन् उलगडा सुरू झालेला नसतो. बहुतेक वेळा तपास करणारा 'आता मला कळलं' म्हणतो किंवा सगळ्यांना एका खोलीत बोलावतो, ती जागा. घरी आधी वाचून तिथं पेन्सिलीनं रेघ मारा. पारावर रेघेशी पुस्तक मिटा अन् प्रत्येकाला विचारा: कोण, अन् कशावरून? 'कशावरून' विचारलंच पाहिजे, नाही तर लोक नुसती नावं फेकतात. कमी बोलणाऱ्या आजीला आधी विचारा. एकदा धाकट्या हुशार पोरानं उत्तर दिलं की मोठी माणसं बोलत नाहीत.

उलगडा त्याच दिवशी वाचा, पुढच्या रविवारवर टाकू नका. आठ दिवसांत कोणाकडे पाहुणे येतात, कोणाला मजुरीला जावं लागतं, अन् ज्यानं बरोबर ओळखलं होतं नेमका तोच नसतो. सुरुवात निळ्या हिऱ्याच्या अन् बदकाच्या गोष्टीनं करा. खून नाही, विष नाही, अन् कोंबड्या-बदकं पाळणाऱ्या बायांना त्यातलं पक्ष्याचं पोट बरोबर कळतं.